आंब्याच्या पिकअपचं नाक किती वर घ्यावं : देवगडच्या बागेतल्या नोंदी

गाडी : इसुझू डी-मॅक्स एस-कॅब, टू-व्हील ड्राइव्ह. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ३०९५ मि.मी. वर्षातले आठ महिने रिकामी किंवा फवारणीची टाकी घेऊन फिरते, आंब्याच्या दिवसांत पेट्या वाहते.

काम का काढलं : बागेच्या वाटेवर कातळाची एक पायरी आहे. उतरताना पुढच्या बंपरची खालची कड दर वेळी तिथे घासते. शिवाय गाडी रिकामी असली की मागून वर आणि पुढून बसलेली दिसते. पुढचा भाग वर घेऊन दोन्ही गोष्टी सुटतील असं वाटलं. सुटल्या, पण एकाच आठवड्यात व्हायचं काम महिनाभर चाललं आणि पैसे जवळजवळ दुप्पट गेले. कुठे चुकलो ते तारीखवार लिहितो आहे.

१८ नोव्हेंबर २०२३

दिवाळी उरकली, मोहोराची फवारणी अजून लांब आहे, म्हणून आज मापं घेतली. गाडी खळ्यातल्या सिमेंटवर, चारही चाकांत ठरलेली हवा, डिझेल अर्धी टाकी, हौदा रिकामा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावला. जमिनीपासून मोजू नका, हवा कमी-जास्त झाली की ते माप बदलतं.

पुढे डावं ४७८, उजवं ४७०. मागे डावं ५४८, उजवं ५४६. सगळी मि.मी.

म्हणजे पुढची कमान मागच्यापेक्षा सरासरी ७३ मि.मी. खाली, आणि ड्रायव्हरची बाजू आणखी ८ मि.मी. बसलेली. मी ठरवलं, पुढून ७३ उचलायची. सगळ्या खर्चाचं मूळ या एका वाक्यात आहे. ते पुढे येईलच.

२१ नोव्हेंबर

पुढचं सस्पेन्शन उचलायचे दोन मार्ग होते. एक, लांब किंवा कडक स्प्रिंग घालणं. दुसरा, शॉकअपच्या वरच्या टोकाला, चेसिसच्या खाली, जाड चकती म्हणजे स्पेसर बसवणं. दुसरा स्वस्त आहे. स्प्रिंग तीच राहते, त्यामुळे गाडी कडक होत नाही.

स्पेसर जितका जाड तितकीच गाडी उचलते असं नाही. शॉकअपचं खालचं टोक लोअर आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसतं आणि चाक आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे शॉकअप एक घर खाली ढकललं की चाक जवळजवळ पावणेदोन घरं खाली जातं. हा हिशोब मी आधी केला होता आणि तो बरोबर निघाला. ७३ साठी ४० मि.मी.चा स्पेसर.

२३ नोव्हेंबर, कोल्हापूर

उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून ४० मि.मी.चे दोन लोखंडी स्पेसर करून आणले. नमुना म्हणून शॉकअपच्या वरच्या तीन स्टडचा (वर निघालेल्या आटेदार खुंट्यांचा) पुठ्ठ्यावर घेतलेला ठसा नेला होता. पुठ्ठ्यावर भोकाच्या काठाने पेन फिरवला की पेनच्या जाडीइतका फरक पडतो, आणि तोच फरक नंतर भोकं जुळताना आडवा येतो. स्टडच्या टोकांना ग्रीस लावून कागद दाबा, ठसा अचूक उठतो. मला हे लेथवाल्याने सांगितलं, तोवर माझा पुठ्ठा करून झाला होता. एक भोक त्याला कानशीने मोठं करावं लागलं.

दोन्हीचे मिळून २,८०० रुपये.

२५ आणि २६ नोव्हेंबर

भाचा आणि गावातले मिस्त्री, असे तिघं. एका बाजूला दीड तास धरला होता, पहिल्या बाजूलाच पाच तास गेले.

गाडी जॅकवर घेऊन चेसिसखाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर आर्मखाली हात घालायचा नाही, हे भाच्याला आधी सांगितलं. चाक काढलं, स्टॅबिलायझरची लिंक सोडली, शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला, मग वरचे तीन नट.

इथे एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे. वर मधोमध जो एकच मोठा नट दिसतो, त्याला पाना लावायचा नाही. त्या नटाने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग उसळून समोरच्याचं डोकं फोडेल. आपल्याला फक्त भोवतालचे तीन छोटे नट हवेत.

पाच तास कशात गेले : आम्ही डाव्या बाजूची लिंक सोडली आणि उजवी तशीच ठेवली. स्टॅबिलायझरची दांडी दोन्ही आर्मना बांधलेली असते, त्यामुळे डावा आर्म पुरेसा खालीच येईना. पहारीने दाबून दाबून तिघांचे हात भरून आले. शेवटी मिस्त्री म्हणाले, "काका, दुसरीकडची लिंकपण सोडूया." ती सोडली आणि आर्म हाताने खाली आला. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू दीड तासात झाली.

आर्म खाली दाबताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय हे भाच्याच्या लक्षात आलं. पाइपची क्लिप आधी सोडायला हवी होती. चाकाकडे एबीएसची वायर जात असेल तर तिचीही क्लिप सोडा. पाइप वरून ठीक दिसला, पण ज्या पाइपवर तिघांनी पहारीचा जोर घातला तो मला घाटात नको होता. नवा घातला, १,१०० रुपये.

खाली उतरवल्यावर लगेच टेप लावला तर ८५ मि.मी. वाढ दिसली. घाबरलो. मग लक्षात आलं की जॅकवरून उतरताना चाकं आत ओढलेली राहतात आणि गाडी खोटीच उंच दिसते. एक किलोमीटर फिरवून आणली आणि पुन्हा मोजलं : डावं ५४९, उजवं ५४१. वाढ ७१.

कमानी चारही बाजूंनी जवळपास सारख्या. दिसायला गाडी देखणी. मजुरी १,५००.

२९ नोव्हेंबर

दोन आवाज येत आहेत.

पहिला, गतिरोधक उतरताना पुढून "ठक". हा चाक खाली लोंबकळतं त्या क्षणी येतो. गाडी पुन्हा उचलून बघितली. चाक पूर्ण खाली सोडलं की अप्पर आर्मची आतली कड स्प्रिंगच्या वेटोळ्याला टेकते. वेटोळ्यावर अंगठ्याच्या नखाएवढा रंग उडून खाली चकचकीत लोखंड दिसत होतं, आणि आर्मवर त्याच मापाचा ओरखडा. चार दिवसांत एवढं, तर वर्षभरात काय होईल? बॉल जॉइंटही (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) त्याच्या शेवटच्या कोनाला गेलेला होता. ज्यांची गाडी फोर बाय फोर आहे त्यांनी इथे ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूटही बघावेत. एवढ्या कोनात त्यांच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि ग्रीस बाहेर येतं.

दुसरा आवाज वळताना, बारीक करकर. हा आमच्या हातून झालेला. शॉकअपचा खालचा बोल्ट आम्ही चाक हवेत असताना पूर्ण आवळला होता. रबराचं बुश त्या लोंबकळत्या स्थितीत पकडलं गेलं, आणि गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहिलं. बोल्ट सैल केला, गाडी चाकांवर उभी ठेवून, हौद्यात भाच्याला दोनतीन उड्या मारायला लावून पुन्हा आवळला. करकर गेली. बुश असलेला प्रत्येक बोल्ट आधी नुसता अडकवायचा आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर असताना द्यायचा.

१ डिसेंबर

अलाइनमेंटसाठी कोल्हापूर. फोंडा घाट चढताना स्टिअरिंग वळणातून सोडल्यावर पूर्वीसारखं आपोआप सरळ होत नव्हतं, हाताने आणावं लागत होतं. मशीनवर टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कास्टर (बाजूने बघितलं तर चाक वळण्याचा अक्ष किती कललेला) दोन्ही लाल. दीड तास खटपट करून आकडे हिरव्यात आले, पण एका बाजूचा कास्टर अगदी काठावर. ९०० रुपये.

अलाइनमेंटवाला आकड्यांनंतरही गाडीभोवती फिरत राहिला. म्हणाला, "पाव्हणं, मशीन हिरवं दाखवतंया, पण गाडी नाक वर करून हुभी हाय. रात्री समोरच्याच्या डोळ्यात लाईट जाणार बघा."

मी त्याला कमानींची मापं सांगितली, चारही सारखी आहेत म्हटलं. तो काही बोलला नाही.

परतताना राधानगरीच्या पुढे अंधार पडला. डिपर लावलेला होता तरी समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी अप्पर मारून मला खुणावत होती. दाजीपूरच्या जंगलातल्या वळणावर एक एसटी समोर आली. ड्रायव्हरने हात डोळ्यांवर धरलेला मला स्पष्ट दिसला. त्या गाडीत माणसं बसलेली होती. घरी पोचेपर्यंत मी अगदी हळू आलो, आणि रात्रीच ठरवलं की हे असं ठेवायचं नाही.

३ डिसेंबर

शेजारी कुंपणाच्या भिंतीचं काम चाललंय. तिथल्या गवंड्याला विचारलं, गाडी सपाट आहे की नाही हे कसं बघू? तो म्हणाला, "डोळ्यान कित्याक बघतस? नळी लाव." त्याची पाण्याची नळी घेतली, आतले बुडबुडे नीट काढले, आणि दरवाजांखालच्या सरळ पट्टीवर १८०० मि.मी. अंतरावर दोन खुणा करून पाण्याची पातळी बघितली.

पुढची खूण मागच्यापेक्षा १७ मि.मी. वर. पूर्ण व्हीलबेसला हिशोब केला तर नाक साधारण ३० मि.मी. वर.

चूक इथे सापडली. पुढची आणि मागची कमान कारखान्यात एकाच उंचीवर कापलेली नसते. माझ्या गाडीत मागची कमान मुळातच उंच आहे. कमानी सारख्या केल्या म्हणजे गाडी सपाट झाली असं मी धरून चाललो. ७१ उचलल्यावर नाक ३० वर गेलं, म्हणजे मूळ उतार फक्त ४१ मि.मी. होता. ७३ हा आकडा पत्र्याच्या आकाराचा होता.

मी मापं घ्यायला बसलो त्या पहिल्या दिवशी दहा मिनिटं नळी लावली असती तर स्पेसर, मजुरी, पाइप आणि अलाइनमेंट मिळून ६,३०० रुपये वाचले असते.

४ डिसेंबर

आज सगळ्यात उपयोगी काम झालं, आणि त्याला पैसा लागला नाही.

फवारणीची ५०० लिटरची टाकी हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर ठेवली आणि मीटर लावून शंभर शंभर लिटर पाणी सोडत गेलो. पाणी म्हणजे सरळ किलो. दर टप्प्याला गाडी थोडी पुढे-मागे करून मागच्या चाकावर टेप. रिकाम्या टाकीचं वजन सोडून दिलंय.

० लिटर : ५४७
१०० : ५३६
२०० : ५२६
३०० : ५१७
४०० : ५०९
५०० : ५०२

पाचशे किलोला मागचा भाग ४५ मि.मी. बसतो. वजन वाढेल तसे पाटे कडक होत जातात, म्हणून पहिल्या शंभराला ११ आणि शेवटच्या शंभराला ७.

आता हे आकडे मूळ उताराशेजारी ठेवा. कारखान्यातून गाडी ४१ मि.मी. नाक खाली घेऊन आली होती. पाच डझनाची पेटी लाकडासकट अठरा ते वीस किलो धरली तर माझ्या पंचवीस पेट्या म्हणजे साधारण पाचशे किलो, आणि पाचशे किलोला मागून ४५ बसते. म्हणजे माझा नेहमीचा माल भरला की मूळ गाडी जवळजवळ तंतोतंत सपाट व्हायची. मी जिला दोष समजत होतो ती उतरण मालासाठी राखून ठेवलेली जागा होती. गाडी सात वर्षं चालवली, पण रिकामी असतानाच तिच्याकडे बाजूने बघत आलो.

आणि ७१ च्या उचलीत माल भरला असता तर नाक ७५ मि.मी. वर, म्हणजे दिव्याचा झोत दर दहा मीटरला २४ सें.मी. वर चढला असता. एसटीच्या ड्रायव्हरला तर रिकाम्या गाडीचा झोत लागला होता.

मग प्रश्न बदलला. बंपर कातळावरून सुटेल एवढंच नाक उचलायचं आणि रिकामी असताना थोडी उतरण मुद्दाम ठेवायची. बंपरवरचा ओरखडा मोजला, सगळ्यात खोल जागी २५ मि.मी. बंपर पुढच्या चाकांच्याही पुढे असल्याने चाकाजवळ ३० उचललं तर बंपर त्यापेक्षा थोडा जास्तच उचलतो. ३० च्या आसपास पुरेल.

६ डिसेंबर

जुने स्पेसर काढले, मी आणि भाचा, दोन्ही बाजू मिळून अडीच तास. एक किलोमीटर फिरवून नळी लावली : पुढची खूण २४ मि.मी. खाली. व्हीलबेसला ४१. हिशोब जुळला.

उजवी बाजू ८ मि.मी. का बसली याचाही शोध घेतला. स्प्रिंग तुटलेली नाही, शॉकअप गळत नाही. मात्र उजव्या टॉप माउंटचं (शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक) रबर चिरलेलं होतं, पिवळट पावडर बोटाला लागत होती. डावंही त्याच वाटेवर. जोडी ३,४०० रुपये.

१२ डिसेंबर, कोल्हापूर

नवीन स्पेसर : डावा १६, उजवा २० मि.मी. उजव्याला ४ मि.मी. जादा, ती बसलेली बाजू भरून काढायला. ईएन-८ पोलाद, २,२०० रुपये.

पातळ स्पेसर बसवणं जाडापेक्षा अवघड आहे हे मला माहीत नव्हतं. ४० मि.मी.च्या चकतीत मूळ स्टडचे नट खोबणीत लपतात आणि वर वेगळे बोल्ट निघतात. १६ मध्ये नट लपवायला जागा उरत नाही. उपाय एकच, टॉप माउंटचे मूळ स्टड दाबून काढायचे आणि स्पेसरच्या जाडीएवढे जास्त लांब स्टड बसवायचे. त्यासाठी स्प्रिंग उघडावी लागते. ते घरी करायचं काम नाही. प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये दिलं, त्यांनीच नवे टॉप माउंटही घातले. प्रेसचे ८००, स्टड आणि लॉकनट ६००. स्टड १०.९ ग्रेडचे (ताकदीचा दर्जा) मागून घेतले. डोक्यावर आकडा कोरलेला नसेल तर घेऊ नका.

१६ डिसेंबर

बसवले. दोन्ही लिंक आधी सोडल्या, ब्रेक पाइपची क्लिप सोडली, नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), बुशचे बोल्ट जमिनीवर. दोन्ही बाजू तीन तास.

एक किलोमीटरनंतर : डावं ५०६, उजवं ५०६. नळीवर पुढची खूण ५ मि.मी. खाली, म्हणजे व्हीलबेसला साधारण ९. चाक पूर्ण सोडून बघितलं, अप्पर आर्म आणि स्प्रिंग यांच्यामध्ये माझी करंगळी सहज जाते.

कातळाच्या पायरीवरून तीन वेळा उतरलो. तिसऱ्या वेळी भाचा खाली वाकून बघत होता. "मामा, सुटला. दोन बोटं राहतात."

१७ डिसेंबर

दिवे. गाडी भिंतीपासून १० मीटर, भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खडूची रेघ. माल भरल्यावर मागून ४५ मि.मी. बसणार, म्हणजे १० मीटरवर झोत साडेचौदा सें.मी. वर जाणार. म्हणून रिकाम्या गाडीला झोताची वरची कड रेघेच्या १८ सें.मी. खाली लावली. मग टाकी भरून पुन्हा बघितलं : रेघेच्या साडेतीन सें.मी. खाली. रिकामी असताना उजेड पन्नासएक मीटरच पडतो. मी रात्री रिकामी गाडी हळू चालवेन, पण भरल्या गाडीचा झोत कुणाच्या डोळ्यात जाणार नाही.

२० डिसेंबर

दुसरं अलाइनमेंट, पुन्हा ९००. वीस मिनिटांत सगळं हिरवं, कास्टर दोन्हीकडे मधोमध. त्याच अलाइनमेंटवाल्याने लांब जाऊन गाडीकडे बाजूने बघितलं आणि नुसती मान हलवली.

विमा कंपनीला ईमेलने बदल कळवला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. त्यामुळे जास्त उंची, मोठी चाकं असा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, मग लेथवाल्याकडे जा.

खर्च : पहिले स्पेसर २,८००, मजुरी १,५००, ब्रेक पाइप १,१००, अलाइनमेंट दोनदा १,८००, टॉप माउंट ३,४००, दुसरे स्पेसर २,२००, प्रेस ८००, स्टड ६००. एकूण १४,२००. कोल्हापूरच्या फेऱ्यांचं डिझेल वेगळं.

१४ एप्रिल २०२४

पहिल्या पूर्ण भरल्या फेरीनंतरची नोंद. सव्वीस पेट्या, पहाटे तीनला निघालो, फोंडा घाटाने कोल्हापूर. समोरून आलेल्या एकाही गाडीने अप्पर मारला नाही. भरल्यावर नाक थोडं वर राहतं, ते स्टिअरिंगला किंचित हलकं जाणवतं. पुढच्या वेळी चार पेट्या केबिनच्या पाठीला चिकटवून ठेवणार.

परत आल्यावर मापं : पुढे डावं ५०५, उजवं ५०४. वरचे तीनही नट दोन्ही बाजूंनी टॉर्क पान्याने तपासले, उजवीकडचा एक पाव फेरा आवळला गेला. पुढच्या टायरची झीज दोन्ही कडांना सारखी. पुढची तपासणी पावसाआधी, मेच्या शेवटी.